कागदांवरची बस वेगळी, दारात आलेली वेगळी

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका खेड्यात आहे. गेल्या डिसेंबरच्या सहलीचा प्रमुख मी होतो, त्यामुळे पुढे लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक माझ्याच आहेत. लोणार, शेगाव, चिखलदरा आणि मुक्तागिरी अशी तीन दिवसांची सहल होती. विद्यार्थी 82 आणि प्रत्येकी 1,850 रुपये. एरवी आम्ही एसटीच्या आगारातून प्रासंगिक करारावर, म्हणजे सहलीपुरती अख्खी भाड्याने, बस घेतो आणि शैक्षणिक सहल म्हणून भाड्यात 50 टक्के सवलत मिळते. या वेळी मात्र एका सहकाऱ्याच्या ओळखीने एक एजंट शाळेत आला. बस, मुक्काम, जेवण, विमा आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीसाठी लागणारी सगळी कागदपत्रे मीच देतो, तुम्ही फक्त मुले आणा, असे तो म्हणाला. खरे सांगायचे तर आम्ही भुललो ते त्या कागदपत्रांना.

फाइल देखणी होती. दोन बसगाड्यांची नोंदणी पुस्तके, योग्यता प्रमाणपत्रे, विमा, पीयूसी आणि चालकांचे परवाने यांच्या झेरॉक्स प्रती क्रमाने टाचलेल्या होत्या. कार्यक्रमपत्रिकेवर चिखलदऱ्याचा पांढराशुभ्र धबधबा छापला होता. तो फोटो भर पावसाळ्यातला आहे आणि आपण डिसेंबरात निघालो आहोत, तेव्हा त्या कड्यावर पाण्याची एखादी रेघ उरली तरी पुष्कळ, हे जन्मभर विदर्भात राहूनही मला सुचले नाही. 75,000 रुपये आगाऊ पाठवताना मोबाइलच्या पडद्यावर जे नाव आले, ते त्याच्या व्यवसायाचे नव्हते आणि त्याचेही नव्हते. मेहुण्याचे खाते आहे, असे त्याने सांगितले आणि मी बटण दाबले.

निघायच्या दिवशी पहाटे साडेचारला बस आल्या, त्या अंधारात, तासभर उशिरा. मुले कुडकुडत होती, पालक घाई करत होते. फाइल माझ्या पिशवीत होती. ती काढून गाडीचा क्रमांक ताडून पाहायला दोन मिनिटे लागली असती. मी पाहिले नाही.

लोणारला सरोवर आणि दैत्यसूदन मंदिर पाहून रात्री नऊच्या सुमारास ठरलेल्या धर्मशाळेत पोहोचलो. व्यवस्थापकांनी तांबड्या रेघांची वही काढली, बोट ओले करून पाने उलटली, मागची दोन पानेही पाहिली आणि म्हणाले, "सर, तुमच्या शाळेचं नावच नाही ना इथं." एजंटचा फोन लागेना. त्या भल्या माणसाने दोन रिकामे हॉल उघडून दिले, म्हणून मुली एकीकडे आणि मुले एकीकडे झोपू शकली. आमच्या दोन्ही मॅडम रात्रभर मुलींच्या हॉलच्या दाराशी बसून होत्या. त्या रात्रीचे आणि सकाळच्या नाश्त्याचे पैसे शिक्षकांनी खिशातून भरले.

तेथूनच परत फिरायला हवे होते. मुलांचा हिरमोड होईल म्हणून पुढे गेलो. चिखलदऱ्याचा घाट त्याच गाड्यांनी चढलो आणि उतरलो, आणि उतरताना एका वळणावर ब्रेकचा जो जळका वास आला तो मला अजून आठवतो.

तिसऱ्या दिवशी परतवाड्याच्या पुढे चालकाने गाडी बाजूला घेतली. मुक्तागिरीची 52 जैन मंदिरे आपल्याला जवळची वाटत असली तरी ती मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात येतात, आणि परराज्यात बस न्यायला वेगळा परवाना व कर लागतो. "इथून पुढं गाडी नेत नाही मी, सर. परमिटच नाही," तो म्हणाला. तेव्हा प्रथमच मी फाइल उघडून बसच्या पाटीशी लावून पाहिली. कागदांवर एमएच 29, पाटीवर एमएच 30, आणि पुढचा एकही आकडा जुळत नव्हता. एका शिक्षकाने तो क्रमांक गाड्यांच्या सरकारी नोंदी दाखवणाऱ्या एमपरिवहन ॲपमध्ये टाकला, तर गाडीचे योग्यता प्रमाणपत्र चार महिन्यांपूर्वीच संपलेले निघाले. मागचे टायर हाताने चाचपून पाहिले, ते घासून गुळगुळीत झाले होते. प्रत्येक मुलामागे विम्याचे 50 रुपये घेतले होते. त्या कागदावर पॉलिसी क्रमांकाची जागाच कोरी होती. परवानगीच्या प्रस्तावाला मात्र हीच फाइल जोडलेली होती आणि तिच्यावर सही माझी होती.

परतवाडा आगारातून दोन एसटी बस मिळेपर्यंत संध्याकाळ झाली आणि मुक्तागिरी राहिलीच. एजंटविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे, ज्या खात्यात पैसे गेले त्याची माहिती ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावरही कळवली. परंतु तोवर आठवडा उलटला होता आणि खाते रिकामे होते. ज्यांना ऑनलाइन पैसे गेल्याचे कळेल त्यांनी आमच्यासारखी आठवडाभर वाट पाहू नये, त्याच तासाला फोन करावा.

न झालेल्या दिवसाचे प्रत्येकी 400 रुपये आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून परत केले. एका मुलीची आई कापूस वेचणीला जाते. तिने 1,850 रुपये दहा-वीसच्या नोटांत मोजून दिले होते, परतीचे 400 घेताना तिने एवढेच विचारले, "पोरीले काही झालं तं नाही ना, गुरुजी?"

यंदा प्रासंगिक कराराचा अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आगारात दिला आहे. मुक्कामाच्या दोन्ही ठिकाणी मी स्वतः जाऊन आलो, खोल्या आणि संडास पाहिले आणि आगाऊ रक्कम संस्थेच्या पावतीवर भरली. धबधबा कार्यक्रमातून काढून टाकला आहे.