एलएस-स्कझी : टेप ड्राइव्हच्या यादीची नोंद ठेवण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने मी आमच्या बॅकअप सर्व्हरवर दररोज सकाळी एलएस-स्कझी ही लिनक्सवरील कमांड, म्हणजे स्कझी मानकाने (डिस्क, टेप यांसारखी उपकरणे जोडण्याची पद्धत) जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा, चालवतो आणि तिचे आउटपुट तारीख घालून जपून ठेवतो. सर्व्हरला चार एलटीओ-८ (एलटीओ या टेप प्रकाराची आठवी पिढी) ड्राइव्ह असलेली टेप लायब्ररी जोडलेली आहे. या यादीतील प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारे एक पान सहकाऱ्यांसाठी तयार करावे, एवढेच काम सुरुवातीला माझ्याकडे होते. ते दोन दिवसांत उरकेल असे वाटले होते. प्रत्यक्षात ते पान मला तीनदा नव्याने लिहावे लागले, कारण यादी जे दाखवते त्याइतकेच ती जे दाखवत नाही तेही लिहून ठेवावे लागते, हे मला उशिरा कळले.

आधी एक ओळ जवळून पाहू. ‘जी’ हा पर्याय देऊन कमांड चालवली की ड्राइव्हची ओळ साधारण अशी दिसते : [४:०:०:०] टेप, आयबीएम, यूएलटी३५८०-टीडी८, मग फर्मवेअरची (ड्राइव्हमधल्या अंगभूत सॉफ्टवेअरची) चार अक्षरी आवृत्ती, मग टेप-उपकरण म्हणून असलेले नाव एसटी० आणि शेवटी सर्वसाधारण स्कझी नाव एसजी३. चौकटी कंसातील चार आकडे अनुक्रमे होस्ट अडॅप्टर (सर्व्हरमधले जोडणीचे कार्ड), चॅनल, टार्गेट (जोडलेले उपकरण) आणि लन (त्या उपकरणातील घटक) यांचे असतात. उत्पादकाच्या नावाला ८, मॉडेलला १६ आणि आवृत्तीला ४ अक्षरांचीच जागा असते. ही मर्यादा कमांडची नाही. स्कझी मानकातील इन्क्वायरीच्या, म्हणजे उपकरणाला ओळख विचारणाऱ्या आदेशाच्या, उत्तरातच ती ठरलेली आहे. म्हणून एखादे नाव मध्येच तुटल्यासारखे दिसले, तरी त्यात बिघाड शोधत बसू नये.

लायब्ररीत टेप उचलून ड्राइव्हमध्ये ठेवणाऱ्या रोबोची ओळ ‘मीडियमएक्स’ या प्रकाराने येते आणि नवख्या माणसाचा सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. रोबोसाठीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) ड्रायव्हर लोड केलेला नसेल, तर उपकरणाच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ येते. ती पाहून रोबो बंद पडला असे समजून दोन सहकाऱ्यांनी मला वेगवेगळ्या दिवशी फोन केले होते. वास्तविक एमटीएक्स ही रोबो चालवणारी कमांड रोबोला एसजी नावानेच हाक मारते, आणि ते नाव ‘जी’ पर्याय दिल्याशिवाय यादीत येतच नाही. आमच्याकडे रोबो पहिल्या ड्राइव्हच्याच मार्गाने जोडलेला असल्यामुळे त्याचे पहिले तीन आकडे त्या ड्राइव्हसारखेच आहेत, फक्त लन १ आहे. म्हणजे त्या एका ड्राइव्हची केबल काढली की रोबोही यादीतून जातो. ही गोष्ट मी आता पानाच्या अगदी वरच्या भागात ठेवली आहे.

यादीत एसटी० छापले जाते, पण एनएसटी० छापले जात नाही. दोन्ही नावे एकाच ड्राइव्हची आहेत; फरक इतकाच की एसटी वापरून काम संपले की टेप आपोआप रिवाइंड होते आणि एनएसटी वापरले तर ती जिथल्या तिथे थांबते. यादीतले नाव जसेच्या तसे स्क्रिप्टमध्ये उतरवले, तर दुसरा आर्काइव्ह पहिल्याच्या जागी, टेपच्या सुरुवातीपासून लिहिला जातो आणि पहिला हातचा जातो. आमच्या बाबतीत हे चाचणीच्या टेपवर घडले, म्हणून निभावले. माझ्या मते कमांडने एका पर्यायाद्वारे तरी दुसरे नाव दाखवायला हवे होते.

तिसऱ्या महिन्यात सर्व्हर रीबूट झाला तेव्हा एका ड्राइव्हचा वीजपुरवठा बंद होता. उरलेल्या ड्राइव्हना क्रमांक नव्याने मिळाले आणि माझ्या पानावरचे ‘एसटी२ म्हणजे खालून दुसरा’ हे वाक्य एका रात्रीत खोटे ठरले. त्या दिवशी क्लीनिंग कार्ट्रिज भलत्याच ड्राइव्हमध्ये गेले. तेव्हापासून मी ड्राइव्हची ओळख सीरियल नंबरावरून लिहितो. यूडेव्ह (लिनक्समध्ये उपकरणांना नावे देणारी यंत्रणा) तयार करत असलेली टेप फोल्डरमधील ‘बाय-आयडी’ नावे रीबूटनंतरही बदलत नाहीत, आणि तिथे ‘एनएसटी’ शेपूट असलेली नावेही मिळतात. ‘टी’ पर्यायाने दिसणारा सॅस (ड्राइव्ह ज्या स्कझी जोडणीने जोडले आहेत ती) पत्ताही शेजारी नोंदवावा.

आता मुख्य मुद्दा. एलएस-स्कझी ही माहिती सिसएफएसमधून, म्हणजे कर्नलने ठेवलेल्या उपकरणांच्या नोंदींमधून, वाचते. ड्राइव्हला ती काहीच विचारत नाही. त्यामुळे रूट अधिकार लागत नाहीत आणि बॅकअप चालू असतानाही ती निर्धास्तपणे चालवता येते, हे तिचे मोठे बलस्थान आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की ही यादी कर्नलने उपकरण शोधले त्या वेळची असते. एका ड्राइव्हचे फर्मवेअर बदलल्यानंतर आठवडाभर यादीत जुनीच आवृत्ती दिसत होती. ते उपकरण कर्नलमधून काढून पुन्हा शोधल्यावरच नवी दिसली. बंद केलेला ड्राइव्हसुद्धा काही काळ यादीत तसाच होता. म्हणून माझ्या पानावर या यादीखाली एमटी या टेप हाताळणाऱ्या कमांडचे स्टेटसही असते, आणि तेही एनएसटी नावावरच घेतलेले, कारण एसटीवर स्टेटस विचारले तरी टेप रिवाइंड होते. त्यात डेन्सिटी कोड (टेपचा प्रकार सांगणारा आकडा) ०एक्स५ई आणि ऑनलाइन हा शब्द दिसला, म्हणजे ड्राइव्ह जागा आहे आणि त्यात एलटीओ-८ टेप आहे, एवढे खात्रीने म्हणता येते. टेप आत आहे की नाही, हे एलएस-स्कझी कधीच सांगत नाही.

इतर पर्यायांपैकी आकार दाखवणारा ‘एस’ टेपसाठी निरुपयोगी आहे. ‘एल’ पर्यायातील स्टेट आणि टाइमआउट मात्र मी नोंदवतो. नव्या आवृत्त्यांत जेसन (नाव-मूल्य जोड्यांच्या रचनेचे) स्वरूपातही आउटपुट मिळते. तुलनेसाठी ते मला फार सोयीचे वाटले, कारण रकान्यांमधल्या मोकळ्या जागा मोजत बसावे लागत नाही.

पुढच्या महिन्यात पाचवा ड्राइव्ह बसणार आहे. त्याची ओळ पानावर तयार आहे : सीरियल नंबर, जागा आणि केबलचा क्रमांक. एसटी क्रमांकाचा रकाना मी त्या पानावरून काढून टाकला आहे.