अमेरिकी वैमानिक प्रमाणपत्रासाठी नेमलेल्या एजंटाची सेवा : दोन चाचणीपत्रांनंतरचा अभिप्राय

माझे उड्डाणाचे शिक्षण अमेरिकेत झाले. मायदेशी परतल्यावर मी डीजीसीएचा, म्हणजे भारतीय नागरी विमान वाहतूक नियामकाचा, परवाना मिळवला, तरी एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचे, कमर्शियल पायलट प्रमाणपत्र मी जपून ठेवले आहे. या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. दर 24 महिन्यांनी फ्लाइट रिव्ह्यू (प्रशिक्षकासोबतची उजळणी) आणि चालू वैद्यकीय प्रमाणपत्र असले की ते वापरता येते. मात्र ऑक्टोबर 2024 मध्ये एफएएने अंतिम नियम जाहीर केला आणि ज्यांचा नोंदीतला पत्ता परदेशातला आहे व अमेरिकेत प्रत्यक्ष राहण्याचा पत्ता नाही, अशा सर्व प्रमाणपत्रधारकांना अमेरिकेत एक एजंट, म्हणजे एफएएचे कागद आपल्या वतीने स्वीकारणारी व्यक्ती किंवा संस्था, नेमणे बंधनकारक झाले. जुन्या प्रमाणपत्रधारकांसाठी 7 जुलै 2025 ही मुदत होती. वैमानिकांबरोबरच फ्लाइट इंजिनिअर, मेकॅनिक, डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणांचे नियोजन करणारे), ड्रोनचालक, वैद्यकीय प्रमाणपत्रधारक आणि विमानाची नोंदणी स्वतःच्या नावावर असलेले मालकही या नियमात येतात. एजंट नेमला नाही, तर प्रमाणपत्राचे अधिकार वापरता येत नाहीत.

ही कटकट मुळात का उभी राहिली, हे समजल्याशिवाय सेवेचे मोल कळत नाही. एफएएला एखाद्या वैमानिकावर नोटीस किंवा निलंबनाचा आदेश बजावायचा असेल आणि तो परदेशात राहत असेल, तर तो कागद नुसता टपालाने पाठवून भागत नाही. भारतापुरते बोलायचे, तर 2007 पासून आपण परदेशी न्यायिक कागदपत्रे बजावण्याविषयीच्या हेग कराराचे सदस्य आहोत आणि टपालाने थेट बजावणी करण्यास आपण हरकत नोंदवलेली आहे. त्यामुळे या करारान्वये येणारा कागद विधी व न्याय मंत्रालयामार्फतच फिरतो. त्यात वेळ जातो आणि पैसाही. एजंट अमेरिकेतच असला की एफएए कागद त्याच्या हाती देते आणि तेवढ्याने तो आपल्यावर बजावला गेला असे धरले जाते. एजंटाने पाकीट पुढे पाठवायला उशीर लावला, तर त्याचे परिणाम आपल्यालाच भोगावे लागतात.

म्हणून एजंट निवडताना मी घाई केली नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती एजंट होऊ शकते, त्यामुळे प्रथम अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाचा विचार मनात आला. तो तयारही झाला. पण तो भाड्याच्या घरात राहतो, दर दोन वर्षांनी घर बदलतो आणि सुट्टीत महिनाभर इकडे येतो. पत्ता बदलला की तो 30 दिवसांच्या आत एफएएला कळवण्याची जबाबदारी माझ्यावर येणार होती. नात्यातल्या माणसाला टपालपेटी रोज उघडण्याची आठवण करून देणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून शुल्क घेऊन हे काम करणाऱ्या कंपन्यांकडे मी वळलो.

पहिली कंपनी मी पत्ता वाचूनच बाद केली. इमारतीच्या क्रमांकापुढे ‘पीएमबी’ आणि एक आकडा छापलेला होता, म्हणजे ती दुकानातली भाड्याची खासगी टपालपेटी होती. नियमानुसार पोस्टाची पेटी किंवा नुसता टपाल स्वीकारणारा पत्ता चालत नाही. संस्था एजंट असेल, तर तिच्या कार्यालयाचा पत्ता लागतो. जो व्यवसाय याच नियमावर उभा आहे त्याने एवढी साधी अट पाळू नये, याचा मला खरोखर राग आला.

जी कंपनी शेवटी निवडली तिचे वार्षिक शुल्क एका चेकराइडच्या (प्रमाणपत्रासाठीच्या प्रत्यक्ष उड्डाण परीक्षेच्या) शुल्काच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. नोंदणी अर्ध्या तासात झाली. करारपत्र चार पानांचे आणि सोप्या इंग्रजीत होते, आणि एजंट म्हणून जबाबदारी स्वीकारत असल्याचे त्यांचे स्वाक्षरीचे पत्र त्याच दिवशी आले. हे पत्र आवश्यकच आहे, कारण एजंट नोंदवण्याच्या एफएएच्या यूसॅस या ऑनलाइन प्रणालीत एजंटाचे नाव, पत्ता आणि ईमेल भरल्यावर त्याने जबाबदारी समजून स्वीकारली आहे हे आपल्यालाच प्रमाणित करावे लागते. एका ठिकाणी मी अडखळलो तेव्हा, माझे नाव प्रमाणपत्रावर आहे तसेच, वडिलांच्या नावासह, भरावे, हे त्यांच्या कर्मचारी बाईंनी फोनवर शांतपणे सांगितले. आपल्याकडच्या तीन पदरी नावांचा घोळ त्यांना आधीपासून ठाऊक होता, याचे मला कौतुक वाटले.

इथवर सगळे उत्तम होते, परंतु एजंटाची खरी कसोटी पाकीट आल्यावर लागते, आणि बहुतेकांच्या वाट्याला ते पाकीट कधी येतच नाही. मी तिकडच्या एका बॅचमेटला विनंती केली, की माझ्या नावाने, एजंटाच्या पत्त्यावर, ट्रॅकिंग असलेल्या पाकिटातून एक कोरा कागद पाठव. ट्रॅकिंगप्रमाणे पाकीट गुरुवारी दुपारी पोहोचले. मिळाल्यापासून कामकाजाच्या एका दिवसात स्कॅन करून ईमेल करू, असे करारात लिहिले होते. ईमेल आला तो सोमवारी रात्री, आणि तोही स्पॅममध्ये पडला होता.

चार दिवस ऐकायला थोडे वाटतात. प्रमाणपत्र निलंबित करणाऱ्या सामान्य आदेशाविरुद्ध एनटीएसबीकडे (अशी अपिले ऐकणाऱ्या अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाकडे) अपील करायला 20 दिवस असतात, तातडीच्या आदेशाविरुद्ध 10, आणि आदेश तातडीचा ठरवण्यालाच आव्हान द्यायचे असेल, तर अवघे 2 दिवस. त्या कोऱ्या कागदाच्या जागी असा आदेश असता, तर मी ईमेल उघडण्याआधीच हा शेवटचा मार्ग हातचा जाण्याची वेळ आली असती, आणि उरलेल्या मुदतीत दूरच्या देशातला वकील शोधून त्याला प्रकरण समजावून सांगण्याची धावपळ करावी लागली असती.

मी तक्रार लिहिली. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. शुक्रवारी टपाल पाहणारी व्यक्ती रजेवर होती आणि बदली कोणी नेमले नव्हते, हे त्यांनी सरळ मान्य केले. त्यानंतर माझ्या खात्यात दुसरा ईमेल पत्ता आणि फोनवरच्या संदेशाची सोय जोडली गेली. मी सहा आठवड्यांनी न सांगता दुसरे पाकीट पाठवले, तेव्हा स्कॅन त्याच संध्याकाळी आला आणि फोनवर संदेशही. पाकिटाच्या बाहेरच्या बाजूचाही फोटो त्यात होता, ज्यावर मिळाल्याची तारीख आणि वेळेचा शिक्का स्पष्ट दिसत होता. अपिलाची मुदत कधी सुरू झाली हे सिद्ध करण्याचा प्रसंग आला, तर हा शिक्का मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

एक उणीव अजून कायम आहे. शुल्क भरायचे राहिले, तर 15 दिवसांत आपण एजंट म्हणून बाजूला होऊ, असे करारात आहे, आणि आठवण फक्त एका ईमेलने दिली जाते. लांबच्या फ्लाइट ड्यूटीवर असलेल्या माणसाला तो ईमेल चुकू शकतो आणि नकळत तो एजंटाविना उरू शकतो. ही मुदत किमान महिन्याची करावी, असे मी त्यांना कळवले आहे. उत्तर आलेले नाही. तोवर नूतनीकरणाची तारीख मी मेडिकलच्या तारखेशेजारी लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे, आणि पुढचे चाचणीपत्र नाताळच्या आठवड्यात पाठवायला बॅचमेटला सांगून ठेवले आहे.