पंधरा ‘लाइट’ आणि नंतरचे नऊ महिने

साधा मिक्सर घ्यायचा तरी मी ‘छान आहे, पॅकिंग मस्त’ वाले अभिप्राय सोडून देते आणि सात-आठ महिने वापरलेली बाई काय म्हणते ते शोधते. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन घ्यायचं की नाही हे ठरवताना तसं मराठीत लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हे.

वय 68, राहणार सिन्नर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त. डाव्या बाजूला 1.4 सेंटीमीटरची गाठ. स्तन ठेवून गाठ तेवढी काढली. रिपोर्ट असा: ग्रेड 1 (सावकाश वाढणारी), कडा साफ, काखेतल्या तपासलेल्या तिन्ही ग्रंथी साफ, ई.आर.-पी.आर. पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), हर-टू हे प्रथिन निगेटिव्ह. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं या एका ओळीवर उभं आहे. तुमच्या ओळीत काही वेगळं असेल तर माझा निर्णय तुमच्या उपयोगाचा नाही. वेटिंगमध्ये माझ्या शेजारी 44 वर्षांची एक जण बसायची. पूर्ण स्तन काढला होता, पण काखेतल्या पाच ग्रंथींत कॅन्सर सापडला होता. तिला ‘रेडिएशन घेता का’ असं कुणी विचारलंच नाही, आणि बरोबरच होतं ते.

मला मात्र डॉक्टर म्हणाले, “काकू, तुमच्या बाबतीत दोन्ही चालेल. हार्मोन रोखणारी गोळी घ्यायचीच आहे. रेडिएशन घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

खरं सांगते, राग आला. जन्मभर डॉक्टर मला मीठ कमी करा, जिना चढू नका, असं सांगत आले, आणि नेमकं इथे तुम्ही ठरवा! घरी तर सभाच भरली. नणंदबाईंचं म्हणणं, एकदा सुरी लागली की तो पसरतोच, काही सोडू नका. मुलगा म्हणे, गरज नसेल तर कशाला त्रास. सून एकटी गप्प होती. रात्री तिने मोबाइलवर एक अभ्यास शोधून काढला, ‘प्राइम-टू’. 65 वर्षांपुढच्या 1,326 बायका, गाठ 3 सेंटीमीटरपर्यंत, काख साफ, गोळी सगळ्यांना. निम्म्यांना रेडिएशन दिलं, निम्म्यांना नाही. दहा वर्षांचे आकडे 2023 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले.

टक्के माझ्या डोक्यात शिरेनात. मग नातवाची चौकटीची वही घेतली आणि शंभर चौकोन आखले. रेडिएशन न घेतलेल्यांत त्याच स्तनात गाठ परत आली ती शंभरात साडेनऊ जणींना, म्हणजे दहाच धरा. दहा चौकोन लाल. दुसऱ्या पानावर रेडिएशन घेतलेल्या, तिथे जेमतेम एक लाल. आता वाटेल, मग प्रश्नच मिटला, घ्या रेडिएशन. पण खाली आणखी दोन चित्रं काढली: दहा वर्षांनी हयात किती? दोन्हीकडे शंभरात एक्क्याऐंशी. अगदी सारखे. आणि गेल्या त्यातल्याही बहुतेक जणी या आजाराने गेल्या नाहीत, वयाच्या दुसऱ्या दुखण्यांनी गेल्या.

म्हणजे प्रश्न जगण्या-मरण्याचा नव्हताच. गाठ परत येऊन पुन्हा टेबलावर जायचं की रेडिएशनचे तीन आठवडे आत्ताच काढायचे, एवढाच होता. हे कळल्यावर छातीवरचं निम्मं ओझं उतरलं. घरात तोपर्यंत सगळे ‘घेतलं नाही तर आई जाईल’ याच सुरात बोलत होते.

वही घेऊन रेडिएशनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी चौकोन पाहिले, हसल्या, आणि दोन गोष्टी विचारल्या. परत आली तर पुन्हा ऑपरेशनची मनाची तयारी आहे का? आणि हार्मोनची गोळी पाच वर्षं रोज घ्याल का? कारण ते दहा चौकोन गोळी घेणाऱ्यांचे आहेत. गोळी चुकवली तर लाल वाढतात.

मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि देवघराखालचा ड्रॉवर आठवला. माझ्या बीपीच्या गोळ्या. अर्ध्या स्ट्रिपा, पाऊण स्ट्रिपा, दोन वर्षांपूर्वीच्या सुद्धा. आठवली तर घेतली, कुणी पाहुणे आले की राहिली. त्या ड्रॉवरनेच माझा निर्णय केला. ज्या बाईला रोजची एक गोळी धड होत नाही, तिने सगळा भार गोळीवर टाकू नये. पंधरा दिवस तर माझ्या हातात होते. तिथे गाडीच घेऊन जाणार होती. माझी मोठी बहीण औषधाच्या बाबतीत घड्याळासारखी आहे. तिची ओळ अशी असती तर मी तिला घेऊ नकोस म्हटलं असतं, आजही म्हणेन.

आता प्रत्यक्ष. एकूण 40 ग्रे (हे किरणांचं माप), 15 भागांत, सोमवार ते शुक्रवार. पूर्वी पाच आठवडे चालायचं. ब्रिटनमध्ये तर 2020 च्या अभ्यासानंतर पाच दिवसांत उरकतात. माझ्यासाठी बाईंनी पंधराच ठरवले. आधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन, आणि अंगावर सुईने शाईचे तीन बारीक ठिपके. ते कायमचे. मधला ठिपका ब्लाउजच्या गळ्यात तिळासारखा दिसतो. नात विचारते, “आजी, हा आधी नव्हता ना?”

डावी बाजू, म्हणून श्वास रोखायचा. छाती भरली की हृदय मागे सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. तुम्ही आत एकट्या, दोन्ही हात डोक्यावर, आणि स्पीकरवरून मुलीचा आवाज: “श्वास घ्या, अजून, रोखा.” वीस सेकंद. “सोडा.” असं पाच-सहा वेळा. आम्ही ट्रंक कॉलवाल्या, ‘तीन मिनिटं झाली’ सांगत आयुष्य गेलं. माझे सेकंद तिच्याआधी मोजून व्हायचे. पहिल्या दिवशी खोकला आला तर मशीन आपोआप थांबलं. दुखत काही नाही, जाणवत काहीही नाही. मशीन खालून वर फिरतं, घरघरतं, बस्स. वेटिंगमध्ये सगळे याला ‘लाइट’ म्हणतात: “आज कितवा लाइट, मावशी?”

तक्रारीही आहेत. डिसेंबरची नाशिकची थंडी, आत एसी आणि अंगात तो पातळ गाऊन. मशीन दोनदा बंद पडलं. एकदा नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून पोचल्यावर कळलं की आज होणार नाही. फोन नंबर त्यांच्याकडे होता. माझ्यासारखीला हे फार लागतं. आणि श्वास रोखण्याच्या तंत्राचे पैसे पॅकेजमध्ये नव्हते, ते शेवटच्या बिलात दिसले. मेडिक्लेमवाल्यांशी भांडण अजून चालू आहे. तुम्ही आधीच लिहून घ्या.

पहिला आठवडा काहीच नाही. दुसऱ्याच्या शेवटी कातडी तापल्यासारखी, मग काळपट. आपल्या रंगावर लाली फारशी दिसत नाही, स्तनाखालच्या घडीत मात्र कढईच्या बुडासारखं झालं. सगळ्यात वाईट आठवडा रेडिएशन संपल्यानंतरचा होता, हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. घडीत साल निघालं. मी यांचे जुने मलमलचे सदरे घालून फिरले. ब्रा महिनाभर खुंटीला. दुपारी चारला मेथी निवडता निवडता डोळा लागायचा. हे साधारण फेब्रुवारीपर्यंत. शेजारच्या बाई विचारत, बाळाला जवळ घेता का हो? घेते. बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत.

आज नऊ महिन्यांनी: काळेपणा गेला, घडीत थोडी सावली आहे. ती बाजू जरा घट्ट, जरा लहान. अधूनमधून सुई टोचल्यासारखी कळ येते आणि जाते. हात वर जातो, पण भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम दोन दिवस सोडला की काख धरते.

आणि गोळी. जानेवारीत लेट्रोझोल सुरू झाली. मेमध्ये लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसले तर सकाळी बोटं मिटेनात. कुणाला न सांगता बंद केली. तीन आठवडे. अखेर तपासणीच्या वेळी कबूल केलं. डॉक्टर रागावले, आणि रागावणं बरोबरच होतं: रेडिएशन त्या एका स्तनापुरतं, गोळी दुसऱ्या बाजूसाठी आणि बाकी शरीरासाठी. तपासणीत हाडांची घनताही जरा कमीच आली होती, म्हणून गोळी बदलून टॅमॉक्सिफेन दिली. त्याआधी पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, हे दोनदा विचारलं. त्या तीन आठवड्यांत मला झोप लागत होती ती पंधरा लाइट झालेत म्हणूनच, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता स्ट्रिप ड्रॉवरमध्ये नसते, चहाच्या डब्यावर असते. सूनबाईने मागच्या बाजूला पेनने वार लिहिलेत. आजचा गुरुवार फोडलेला आहे. मॅमोग्राफी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. जे निघेल ते इथेच खाली लिहीन.