कमी जागेत गोधडी पूर्ण करायची तर कुठली पद्धत निवडावी?

छोट्या घरात गोधडी रखडते, कारण मांडण्यात आणि आवरण्यातच अर्धा वेळ जातो. टेबलावर मशीन काढायचं, कापड पसरायचं, चार शिवणी घालायच्या, की टेबल रिकामं करायची वेळ होते. म्हणून पद्धत ठरवताना मी आधी एकच गोष्ट बघते: एका वेळी हाताळावा लागणारा सगळ्यात मोठा तुकडा केवढा असेल आणि तो किती दिवस सांभाळावा लागेल? खालच्या तुलनेत सगळीकडे साधारण ६२ बाय ७५ इंचांची गोधडी धरली आहे.

अख्खी गोधडी मशीनवर

वरचा पट जोडून होईपर्यंत ही पद्धत कमी जागेतही सुखाची आहे. एकेक चौकोन शिवायचा आणि डब्यात टाकायचा. अडचण येते ती पट, भरण (मधला मऊ थर) आणि अस्तर (मागचं कापड) एकत्र टाचताना. भरण आणि अस्तर पटापेक्षा चारही बाजूंनी ३-४ इंच जास्त लागतं, म्हणजे जवळपास ७० बाय ८२ इंच मोकळी जमीन हवी. त्यात अस्तर ताणून चिकटपट्टीनं जमिनीला लावायचं, त्यावर भरण, त्यावर पट, मग मध्यापासून बाहेरच्या दिशेनं तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना. हे काम अर्धवट सोडून उठता येत नाही. जमीन मिळतच नसेल तर पट आणि अस्तर दोन लांब फळ्यांवर गुंडाळावेत, टेबलावर हातभर उलगडून, मध्ये भरण ठेवून कच्चे टाके घालावेत आणि पुढे सरकावं. वेळ लागतो, पण छान होतं.

त्यानंतर मशीन. घरगुती मशीनमध्ये सुई आणि उजवीकडचा उभा खांब यांच्यात बहुधा ६ ते ८ इंचच जागा असते. गोधडीच्या मध्यावर शिवण घालायची म्हणजे निम्मी गोधडी, ३१ इंच रुंदीचे तीन थर, गुंडाळी करून त्या जागेतून सरकवायची. शिवाय टेबलावरून लोंबणारं वजन कापड मागे ओढतं आणि टाके कुठे बारीक, कुठे लांब पडतात. इस्त्रीचं टेबल मशीनच्या उंचीला आणून डावीकडे लावलं तर हा ताण बराच जातो. सरळ रेघा मारायच्या असतील आणि मशीनला वॉकिंग फूट (वरचे-खालचे थर एकदम पुढे सरकवणारा पाय) असेल तर निभावतं; मुक्त हाताची नागमोडी नक्षी हवी असेल तर एवढ्या जागेत हात अवघडतात.

लहान बाळाच्या, ४० बाय ५० इंचांच्या गोधडीसाठी मी हीच पद्धत सुचवेन. मोठ्या गोधडीसाठी मात्र एक दिवस खोली पूर्ण मोकळी मिळणार असेल तरच.

चौकोन पूर्ण करत जाणं

यात प्रत्येक चौकोनाचे तिन्ही थर आधीच शिवून टाकतात आणि तयार चौकोन शेवटी जोडतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत, विशेषतः न्यू इंग्लंड भागात, १९व्या शतकात प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र गोट लावून मग काठाला काठ हातानं जोडत असत. यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) सैनिकांसाठी केलेल्या गोधड्यांतही ही रीत दिसते. अनेक जणींनी एकेक चौकोन करून आणायचा असेल तर याहून सोयीची रीत मला तरी दिसत नाही.

आपल्या मापाच्या गोधडीला १२ इंचांचे ३० चौकोन लागतात. ते मशीनखाली सहज फिरतात, नागमोडी नक्षीसुद्धा निवांत जमते आणि सगळा ऐवज एका खोक्यात राहतो. फक्त शिवल्यावर चौकोन थोडा आक्रसतो. म्हणून भरण आणि अस्तर साडेतेरा इंचांचं कापावं, पटही थोडा मोठा ठेवावा आणि शिवून झाल्यावर पट्टी लावून सगळं साडेबारा इंचांवर छाटावं. इथे घाई नको. प्रत्येक चौकोनात एक अष्टमांश इंचाची चूक राहिली तर सहा चौकोनांच्या ओळीत पाऊण इंचाचा फरक पडतो.

जोडणी एकदा समजली की सोपी आहे. पुढच्या बाजूसाठी १ इंच रुंदीची पट्टी कापायची. मागच्या बाजूसाठी पावणेदोन इंचांची पट्टी कापून ती लांबीत दुमडायची. पहिल्या चौकोनाच्या एकाच काठावर पुढून एक इंची पट्टी सुलट बाजूला सुलट बाजू लावून आणि मागून दुमडलेली पट्टी ठेवायची, पाव इंच माया (काठ ते शिवण एवढी जागा) धरून सगळं एकत्र शिवायचं. पुढच्या पट्टीचा दुसरा काठ शेजारच्या चौकोनाला शिवायचा. उलगडलं की पट्टी अर्धा इंच दिसते आणि तिच्याखाली दोन्ही चौकोनांची पाव-पाव इंच माया एकमेकींना टेकून बसते, म्हणून तिथे ना खड्डा राहतो ना उंचवटा. मागची दुमड मग शिवणीवर पालथी घालून टाचायची. हे शेवटचं काम मी हातानंच करते, कारण मागून टाके दिसत नाहीत.

ओळी जोडताना तयार गोधडी डावीकडे ठेवायची, म्हणजे खांबाच्या बाजूला फार तर एकच ओळ येते.

उणीव म्हणाल तर पट्ट्यांची जाळी दिसतेच. फुलं, वेली किंवा मोठा तारा अख्ख्या पटावर पसरवायचा असेल तर ही पद्धत घेऊ नका.

हातानं

जागा सगळ्यात कमी, वेळ सगळ्यात जास्त. कागदाचा षट्कोन कापून त्यावर कापड दुमडायचं, कच्चा दोरा घालायचा आणि काठाला काठ बारीक टाक्यांनी जोडायचे. सुई, दोरा, कात्री, तुकडे, सगळं छोट्या डब्यात मावतं आणि दहा मिनिटं मिळाली तरी काम पुढे जातं. पण हिशेब आधी करावा: बाजू १ इंच असेल तर या मापाला सुमारे १,८०० षट्कोन लागतात, २ इंच असेल तर सुमारे ४५०. पहिल्यांदा करणाऱ्यानं २ इंचच घ्यावेत.

एवढं झाल्यावरही तीन थर टाचावे लागतातच. पुढचं शिवण मात्र मांडीवर होतं: १४ इंचांची गोल चौकट, अंगुस्तान (बोटावर घालायची टोपी) आणि मध्याकडून काठाकडे धावदोरा. जाड सुती दोरा घेऊन इंचाला तीन-चार टाके घातले तर काम बरंच भराभर सरकतं. भरणाच्या पाकिटावर दोन शिवणींतलं कमाल अंतर लिहिलेलं असतं. ८-१० इंच चालणारं भरण घेतलं की कमी रेघांत भागतं. उठताना चौकट काढून ठेवावी, नाहीतर कापडावर वळ राहतात.

(पट स्वतः जोडून तीन थरांचं शिवण मोठं मशीन असलेल्यांकडे देणं, हाही मार्ग आहे. जागेचा प्रश्न तिथेच मिटतो, पण शिवणाची नक्षी आपल्या हातची राहत नाही.)

मशीन आवडत असेल आणि टेबल रोज आवरावं लागत असेल तर माझं मत चौकोन पूर्ण करत जाण्याच्या बाजूनं आहे. मशीन काढायलाच जागा नसेल किंवा वेळ तुकड्यातुकड्यानं मिळत असेल तर हात. चौकोनांची रचना ठरवायला भिंत नसेल तर फ्लॅनेलचं अस्तर असलेला टेबलक्लॉथ उलटा अंथरा. तुकडे त्यावर चिकटून राहतात आणि रचना तशीच गुंडाळून ठेवता येते. आत आकड्यांच्या चिठ्ठ्या टाचा आणि गुंडाळण्याआधी फोटो काढा.

आणि तीस चौकोनांचं कापड कापण्याआधी फक्त दोन चौकोन पूर्ण करून जोडून पाहा. ती अर्ध्या इंचाची पट्टी डोळ्यांना खटकते की आवडते, हे तिथेच कळतं.