‘आयड रादर गो ब्लाइंड’ : ऐकायचं कुणाचं, बसवायचं कुणाचं?

माझी भाची पुण्यात पाश्चात्त्य गाणं शिकते. कॉलेजच्या कार्यक्रमासाठी तिनं एटा जेम्स या अमेरिकन गायिकेचं ‘आयड रादर गो ब्लाइंड’ निवडलं आणि मला पाच रेकॉर्डिंगं पाठवून विचारलं, “मामा, यातलं कुठलं समोर ठेवून बसवू?” फोनवर पाऊण तास बोललो, तरी सांगायचं बरंच राहून गेलं. तिच्यासारखेच आणखीही कुणी या गाण्याशी अडले असतील, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी गाण्याविषयी. एक बाई आपल्या माणसाला दुसरीशी बोलताना बघते आणि तिला कळून चुकतं की संपलं. त्याला निघून जाताना बघण्यापेक्षा आंधळी झाले तर बरं, असं ती म्हणते. पुढे ओठाला लावलेल्या पेल्याच्या काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि आपण रडतो आहोत हे तेव्हा कुठे तिच्या लक्षात येतं. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघण्याचं आहे. त्यात एक ओळ अशी की मला मोकळं व्हायचंच नाही. माझ्या मते गायिकेची परीक्षा त्या ओळीवर होते.

ब्लूज हा अमेरिकन कृष्णवर्णीयांचा गायनप्रकार. तो म्हटला की बारा बारचा, म्हणजे ठेक्याच्या बारा समान तुकड्यांचा साचा आणि तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) डोळ्यांसमोर येतात. इथे तो साचा नाही. चाल सोल बॅलडची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतातल्या भावगीताची आहे, ठेका संथ. दादऱ्याच्या सहा मात्रांची सवय असलेल्या कानाला त्याचा झोका लगेच ओळखीचा वाटेल. कॉर्ड फक्त दोन, ए आणि बी मायनर, आणि त्यांचंच आवर्तन चालू राहतं. वाक्य पुरं करून घरी आणून सोडणारा तिसरा कॉर्ड येतच नाही. बाई जशी त्या जागेवरून हलत नाही, तशी चालही हलत नाही. म्हणूनच हे गाणं दिसतं सोपं आणि असतं अवघड. वाद्यं काहीच घडवून आणत नाहीत, जे घडायचं ते गळ्यातच घडावं लागतं.

एटा जेम्स, 1967

चेस या रेकॉर्ड कंपनीनं एटाला अलाबामातल्या मसल शोल्स या छोट्या गावी, रिक हॉलच्या फेम स्टुडिओत पाठवलं. दक्षिणेतलं गाव, साल 1967, गाणारी कृष्णवर्णीय, आणि ताल सांभाळणारी मंडळी गोरी. ड्रमवर रॉजर हॉकिन्स, की-बोर्डवर स्पूनर ओल्डहॅम. तिथे तयार झालेल्या ‘टेल मामा’ या जोरकस गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूवर ‘आयड रादर गो ब्लाइंड’ आलं. ‘टेल मामा’ ‘रिदम अँड ब्लूज’च्या यादीत पहिल्या दहांत पोहोचलं. मागची बाजू मात्र त्यानंतर जास्त जगली.

गाण्याचं श्रेय एलिंग्टन जॉर्डन आणि बिली फॉस्टर यांच्या नावावर आहे. एटानं 1995 साली आत्मचरित्रात वेगळी हकिकत सांगितली. जॉर्डनला भेटायला ती तुरुंगात गेली होती, तिथे त्यानं गाण्याचा आराखडा ऐकवला आणि उरलेलं दोघांनी मिळून पुरं केलं. पण करांच्या भानगडीमुळे तिनं आपला वाटा तेव्हाचा जोडीदार फॉस्टर याच्या नावावर केला. ज्या गाण्यानं तिची ओळख घडवली, त्यावर तेव्हा कागदोपत्री तिचं नाव लागलं नाही. हे मला अजूनही सलतं.

रेकॉर्डिंग अवघं अडीच मिनिटांचं. मागे ऑर्गन सूर धरून उभा असतो आणि ब्रास (पितळी फुंकवाद्यांचा ताफा) अधूनमधून श्वास टाकावा तसा येतो. एटा पहिल्या ओळीला रडत नाही, बातमी सांगावी तशी सांगते. आवाज चढतो तो पुढे, आणि चढतानाही फाटत नाही. फाटण्याच्या काठाशी जाऊन परत येतो. ‘मोकळं व्हायचं नाही’ ही ओळ ती मोठ्यानं म्हणत नाही, कबुली दिल्यासारखी म्हणते. गाणं संपत नाही, हळूहळू विरत जातं, आणि ती अजून तिथेच बसलेली आहे असं वाटत राहतं.

फक्त एकच ऐकायला वेळ असेल, तर हे. यात मला शंका नाही.

चिकन शॅक, 1969

दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये चिकन शॅक या ब्लूज बँडनं हे गाणं केलं. गायिका ख्रिस्टीन परफेक्ट, म्हणजे पुढे फ्लीटवुड मॅक या रॉक बँडमुळे जगाला ठाऊक झालेली ख्रिस्टीन मॅकव्ही. ब्रिटनच्या यादीत ते 14व्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि त्याच वर्षी ‘मेलडी मेकर’ या संगीत-साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला सर्वोत्तम गायिका ठरवलं.

या रेकॉर्डिंगला लोक ‘फिकं’ म्हणतात. मला ते मान्य नाही. ख्रिस्टीनजवळ एटाचा गळा नाही, आणि तो असल्याचा आव तिनं आणलेला नाही. तिचा आवाज खालचा, थोडा धुरकट, सरळ. हरकती जवळजवळ नाहीत. सूर लावते, धरते, सोडते. एटाचं दुःख खोलीभर पसरतं, हिचं दुःख शेजारच्या टेबलावर कुणी बसलं असेल तर त्यालाही कळणार नाही. पेल्यातल्या प्रतिबिंबाची ओळ मला तर हिच्याच तोंडी जास्त खरी वाटते. आपण रडतो आहोत हे स्वतःलाच उशिरा कळणारी बाई अशीच गात असेल.

शिकणाऱ्यासाठी हे रेकॉर्डिंग सोन्यासारखं आहे. चालीचा सांगाडा इथे स्वच्छ दिसतो. एटाची नक्कल करायला गेलं की हाती फक्त तिच्या जागा लागतात, त्या जागांमागचं कारण लागत नाही. कार्यक्रमांत अशा नकला मी पुष्कळ ऐकल्या आहेत. दुसऱ्याच ओळीला आवाज टिपेला पोहोचलेला असतो आणि पुढे जायला कुठे वाट उरलेली नसते.

रॉड स्टुअर्ट, 1972

रॉड या ब्रिटिश रॉक गायकाच्या ‘नेव्हर अ डल मोमेंट’ या अल्बममधलं हे रेकॉर्डिंग पुरुष गायकांनी जरूर ऐकावं. बघणारा पुरुष झाला आणि जाणारी बाई झाली की गाण्याचा वासच बदलतो. रॉडचा खरखरीत आवाज ऐकताना रात्री उशिरा मित्राजवळ मन मोकळं करणारा माणूस दिसतो. त्यात मानभंग जास्त आणि निराधारपणा कमी. मला ते आवडतं, पण गाण्याच्या तळाशी ते जात नाही असं वाटतं. पुरुषाच्या आवाजात तळ गाठलेलं ऐकायचं असेल, तर मेम्फिसच्या स्पेन्सर विगिन्सचं शोधा. चर्चमधून आलेला गळा आहे, आणि त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

बियॉन्से, 2008

‘कॅडिलॅक रेकॉर्ड्स’ या चित्रपटात तिनं एटाचीच भूमिका केली, तेव्हा हे रेकॉर्डिंग अभिनयाचा भाग म्हणून ऐकायला हवं. गळा निर्दोष आहे, तयारीबद्दल बोलायला जागा नाही. चित्रपटाचं आपलं सगळं मानधन तिनं व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या फिनिक्स हाउस या संस्थेला दिलं, हेही सांगायला हवं, कारण एटाचं अर्धं आयुष्य हेरॉइनशी झुंजण्यात गेलं. पडद्यावर ते मला भिडलं. नुसतं ऐकताना मात्र एटाची आठवण येत राहते.

बेथ हार्ट, 2011 आणि 2012

जो बोनामासा या गिटारवादकासह ‘डोन्ट एक्स्प्लेन’ अल्बममध्ये बेथ हार्ट या अमेरिकन गायिकेनं हे गाणं चांगलं लांबवलं. एटाच्या अडीच मिनिटांपुढे हा विस्तार काहींना जड जाईल. पण गिटार शिकणाऱ्यानं इथेच थांबावं. त्याच दोन कॉर्डांवर बोनामासा किती सावकाश बांधत जातो, कुठे वाजवत नाही, कुठे गायिकेला जागा देतो, हे वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे.

त्याहूनही मला प्रिय आहे ते डिसेंबर 2012चं, वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमधलं. त्या वर्षी ब्लूजचे ज्येष्ठ गिटारवादक बडी गाय यांचा सन्मान होता. हेच बडी गाय 2011 साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला आले होते. वॉशिंग्टनला त्यांच्यासमोर बेथ गायली आणि शेजारी जेफ बेकची गिटार होती. एटा त्याच वर्षी जानेवारीत गेली होती. बेथ ताकद लावून गाते, शरीर पिळवटून गाते. खोट एकच, ती फार लवकर पेटते. पण त्या रात्री तो आवेश खरा होता आणि सभागृह उभं राहिलं.

आता निवडायचं कसं? ऐकणाऱ्यानं एटापासून सुरुवात करावी आणि त्याच दिवशी दुसरं काही लावू नये. दुसऱ्या दिवशी ख्रिस्टीन, मग बेथ आणि जेफ बेक. गाणं बसवणाऱ्यानं क्रम उलटा करावा. आधी आठ दिवस ख्रिस्टीन, तिच्यावरून शब्द आणि श्वासाच्या जागा पक्क्या कराव्यात. एटा शेवटी, तीही ऐकण्यापुरती. इंग्रजी उच्चार घोटून घ्यायचे, पण अमेरिकन दक्षिणेचा हेल उसना आणायचा नाही. आपल्या तोंडात तो शोभत नाही.

भाचीला मी ख्रिस्टीन सांगितली. पट्टीचा प्रश्न तिनंच सोडवला. एटाची पट्टी ए, म्हणजे पेटीवर पांढरी सहा. ती भाचीला वर जात होती आणि साथीच्या मुलाला बी मायनरचा बार कॉर्ड (एकाच बोटानं अनेक तारा दाबायचा) नीट धरता येत नव्हता. एक सूर खाली, पांढरी पाचमध्ये घेतलं, तेव्हा जी आणि ए मायनर असे दोन उघडे, सोपे कॉर्ड आले. काल तिनं फोनवर ऐकवलं. ‘मोकळं व्हायचं नाही’ या ओळीला गिटार थांबवायची असं त्यांनी ठरवलं आहे. ते मी सांगितलेलं नव्हतं.