‘द रेल्वे मॅन’: रूळ खरे, सुरा खोटा

नोकरीभर मी रुळांवर होतो. कुळे ते कॅसलरॉक, म्हणजे गोवा-कर्नाटक सीमेवरचा आमचा ब्रागांझा घाट: 1:37 चा चढ (सदतीस मीटरमागे एक मीटर उंची), पावसाळ्यात दरड कधी खाली येईल याचा नेम नाही. त्यामुळे 2013 चा ‘द रेल्वे मॅन’ मुलाने टीव्हीवर लावून दिला तेव्हा माझं लक्ष आधी नटांकडे गेलंच नाही, कटिंगकडे, म्हणजे रुळांसाठी खडक फोडून काढलेल्या वाटेकडे गेलं. खडकात हाताने भोक पाडायचं तर एकाने पहार धरायची आणि दुसऱ्याने घण घालायचा. घण चुकला की धरणाऱ्याचं मनगट गेलं. हे काम उपाशी माणसांकडून, उघड्या अंगाने, भर पावसात करून घेतलं गेलं. चित्रपटात ते थोडकंच दिसतं, पण दिसतं ते खोटं वाटत नाही.

गोष्ट एरिक लोमॅक्स या ब्रिटिश लष्करातल्या सिग्नल्स (संदेशवहन) अधिकाऱ्याची, त्याच्याच आत्मचरित्रावरून घेतलेली. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं आणि तो जपान्यांच्या हाती लागला. पुढे थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवरच्या कांचनाबुरीच्या छावणीत चोरून रेडिओ बनवल्याबद्दल त्याचे अतोनात हाल केले. हात मोडले, तोंडात नळीने पाणी भरलं. त्या चौकशीत दुभाष्याचं काम करणारा नागासे ताकाशी त्याच्या डोक्यात पन्नास वर्षं राहिला. छळणाऱ्यांचे चेहरे पुसट झाले तरी सतत कानाशी बोलणारा तो आवाज गेला नाही.

ही लाईन 415 किलोमीटरची, मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. आमचीही पूर्वी मीटरगेजच होती, म्हणून ती अरुंद वाट बघताना पायांना ओळखीची वाटली. ब्रिटिशांनी याच मार्गाचा विचार करून तो फार अवघड म्हणून सोडून दिला होता. जपान्यांनी तो ऑक्टोबर 1943 मध्ये, जेमतेम सव्वा वर्षात पुरा केला. बारा हजारांहून जास्त युद्धकैदी त्यात मेले, चित्रपट त्यांचीच गोष्ट सांगतो. पण त्याच लाईनवर आशियाई मजूर अंदाजे नव्वद हजार मेले आणि त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ लोक पुष्कळ होते, याचा पडद्यावर मागमूसही लागत नाही. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे खटकायलाच हवं. ती माणसं परत गेली नाहीत, त्यांच्यातल्या कोणी आत्मचरित्र लिहिलं नाही, म्हणून त्यांना क्षमा मागायलाही कोणी आलं नाही.

कॉलिन फर्थने म्हातारा लोमॅक्स झकास केला आहे. गाडीत निकोल किडमन भेटते तेव्हा हा गृहस्थ प्रत्येक स्टेशनची कुंडली सांगत बसतो. आमच्यात असे दोघे-तिघे होते, बायकोच्या वाढदिवसाची तारीख विसरतील पण 1888 साली आपल्या लाईनवर पहिली गाडी सुटली हे विसरणार नाहीत. लग्न होतं आणि मग कळतं की माणूस रात्री ओरडत उठतो, पत्रं फोडत नाही, दार लावून बसतो. किडमनला मात्र दाराबाहेर उभं राहून काळजी करण्यापलीकडे फारसं काम दिलेलं नाही, आणि इथेच माझी मोठी तक्रार आहे.

प्रत्यक्षात घडलेलं जास्त जबरदस्त होतं. नागासेने स्वतःच्या पुस्तकात त्या कैद्याचे हाल लिहिले आणि कबरस्तानात आपल्याला क्षमा मिळाल्यासारखं वाटलं असंही लिहून टाकलं. ते वाचून लोमॅक्सची बायको पॅटी (चित्रपटात किडमन) खवळली. ज्याचे हाल केलेत त्यानेच क्षमा केलेली नाही, मग तुम्हाला कुठून मिळाली, असं तिनेच त्याला पत्राने विचारलं. मग पत्रापत्री झाली आणि 1993 मध्ये क्वाय नदीच्या पुलाजवळ भेट झाली, ठरवून, दोघांना आधीच माहीत असताना. चित्रपटात हा सगळा भाग उडवला आहे. इथे लोमॅक्स सुरा घेऊन एकटाच अवचित थायलंडला जातो, नागासेला छळ झाला त्या जुन्याच इमारतीत गाठतो, त्याचा हात मोडायला निघतो, बांबूच्या पिंजऱ्यात कोंडतो आणि शेवटी सुरा नदीत फेकतो. नागासे झालेला हिरोयुकी सानादा समोर आहे म्हणून प्रसंग उभा राहतो. त्याच्या चेहऱ्यावर भीती कमी आणि सुटका झाल्यासारखं जास्त दिसतं. पण आधी बदला मग माफी हा हिशेब सिनेमावाल्यांचा. लोमॅक्सची पहिली बायको आणि मुलंही अशीच गाळली आहेत. पन्नास वर्षांच्या त्या मौनाची किंमत खरं तर त्यांनीच मोजली असणार.

माझे एक मामा पोर्तुगीजांविरुद्धच्या गोवा मुक्तीच्या लढ्यात पकडले गेले होते. त्यांना मारणारा शिपाई गावाकडचाच. 1961 नंतर दोघंही त्याच बाजारात भाजी घेत. मामांनी ना कधी त्याला शिवी दिली, ना कधी नमस्कार केला. विचारलं तर, “सोड मरे ताका” (सोड रे त्याला), एवढंच. ती क्षमा होती की नुसता कंटाळा, मला अजून ठरवता येत नाही. या चित्रपटात अशा मधल्या अवस्थेला जागाच नाही. मिठी होते, डोळे पाणावतात, संपलं. खरा लोमॅक्स ऑक्टोबर 2012 मध्ये गेला. पुरा झालेला चित्रपट बघायला तो राहिला नाही.

तरीही बघा. तरुण लोमॅक्स झालेल्या जेरेमी आयर्विनसाठी बघा. रेडिओ कोणी केला असं विचारल्यावर तो एकटा पुढे होतो, तेव्हा त्याची हनुवटी किंचित थरथरते. मुलांना सोबत बसवू नका, पाण्याने छळण्याचा प्रसंग मोठ्यांनाही बघवत नाही. माझ्या बायकोने तेवढा वेळ स्वयंपाकघरात काढला आणि तिचं गोष्टीत काही अडलं नाही.