दाढ दुखतेय आणि हात आखडता आहे: सरकारी दंत महाविद्यालय, जिल्हा रुग्णालय की खाजगी दवाखाना?

दाढ ठणकायला लागली की घरात आधी पैशांचा हिशेब सुरू होतो. रूट कॅनल आणि वर कॅप म्हटलं की साध्या दवाखान्यातही काही हजारांचा आकडा कानावर पडतो. मग लवंगेचं तेल, रात्री पेनकिलर, असं करत माणूस दुखणं अंगावर काढतो. तोवर कीड खोल जाते आणि जी दाढ साध्या सिमेंटवर वाचली असती ती शेवटी उपटावी लागते. पैसे नाहीत म्हणून वाचण्यासारखा दात गेला, असं कुणाचंही होऊ नये असं मला मनापासून वाटतं. कमी पैशात दात वाचवणाऱ्या जागा आपल्याकडे आहेत. त्यातली कुठली कशासाठी, हे मात्र नीट पाहून ठरवावं लागतं.

दंत महाविद्यालय: पैसे कमी, फेऱ्या जास्त

मुंबईत सरकारी यंत्रणेची अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. राज्य सरकारचं दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे, तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय महापालिकेचं, १९३३ पासूनचं. नागपूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या म्हणजे मेडिकलच्या आवारात, छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात आणि गोव्यात बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. जवळ सरकारी नसेल, तर खाजगी दंत महाविद्यालयाची ओपीडी हा मधला मार्ग. विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण लागतात, त्यामुळे तिथले दर बहुधा बाहेरच्या दवाखान्यांपेक्षा बरेच कमी असतात.

‘शिकाऊ पोरं दाताचं वाटोळं करतील’ ही भीती मी खूप जणांकडून ऐकली आहे. ती पूर्ण खरी नाही. बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी शिकणारी मुलं आधी साच्यांवर आणि काढलेल्या दातांवर हात बसवतात, मगच रुग्णाकडे येतात. टप्प्याटप्प्याला सर किंवा मॅडम येऊन काम बघतात. दाढेचं रूट कॅनल सहसा एमडीएसचे विद्यार्थी करतात, म्हणजे दंतवैद्य होऊन पुढची तीन वर्षं त्याच एका विषयात घालवणारे डॉक्टर.

माझ्या आईची कवळी अशाच एका ठिकाणी झाली. पहिलं माप, दुसरं माप, दोन्ही जबडे कसे मिटतात त्याची नोंद, मेणावर दात लावून ट्रायल आणि मग कवळी, अशा पाच फेऱ्या ठरल्या होत्या. ट्रायलच्या दिवशी मॅडमनी पाहिलं आणि समोरच्या दोन दातांमधली रेघ सरकली आहे म्हणून दात पुन्हा लावायला सांगितले. सहावी फेरी वाढली, लोकलच्या गर्दीत आई वैतागली. आज ती त्याच कवळीने ज्वारीची भाकरी खाते. घाईच्या ठिकाणी ती रेघ कुणी पाहिली असती का, मला शंका आहे.

पण फेऱ्यांची किंमत असते. ओपीडी सकाळची. आधी केसपेपर, मग तपासणी विभाग, एक्स-रे, आणि तिथून ज्या त्या विभागात: सिमेंट आणि रूट कॅनल एकीकडे, हिरड्या दुसरीकडे, लहान मुलं तिसरीकडे. पहिला दिवस बऱ्याचदा एवढ्यातच संपतो. रोजंदारीवरच्या माणसाचा प्रत्येक फेरीला खाडा होतो. चार खाडे आणि प्रवास धरून बेरीज करा, मगच स्वस्त-महाग ठरवा. पेन्शनर, विद्यार्थी, घरी असणाऱ्या बायका यांना हे गणित बहुतेक वेळा परवडतं. कवळीसाठी आणि वाकड्या दातांच्या तारांसाठी तर मी आधी इथेच पाठवेन. तारांचं काम दीड-दोन वर्षं चालतं, खाजगीत तो खर्च फार मोठा होतो. कॅपसाठी लॅबचे पैसे वेगळे लागू शकतात, ते सुरुवातीलाच विचारून घ्या.

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालय

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयं वेगळ्या खात्याखाली येतात, त्यामुळे तिथे थोडं शुल्क असतं. या फरकाने बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात तपासणी, दात काढणं, सिमेंट, दात साफ करणं ही कामं होतात. गावाकडच्या माणसाला हेच सगळ्यात जवळचं.

इथे एक सांगायलाच हवं. गर्दी मोठी, खुर्ची एखादीच, साहित्य कधी असतं कधी नसतं. अशा वेळी दात काढणं हा सगळ्यात झटपट उपाय ठरतो आणि रुग्णही ‘काढून टाका एकदाचा’ म्हणून मान डोलावतो. खुर्चीत बसल्यावर एवढंच विचारा: ‘डॉक्टर, ही दाढ वाचू शकते का?’ वाचू शकत असेल आणि तिथे रूट कॅनलची सोय नसेल, तर दंत महाविद्यालयासाठी चिठ्ठी मागा. दाढ गेली की शेजारचे दात कलतात, खालची दाढ असेल तर वरचा दात खाली उतरतो, आणि पुढे ती जागा भरायला रूट कॅनलपेक्षा जास्त खर्च येतो.

खाजगी दवाखाना कधी?

संध्याकाळी जाता येतं, डॉक्टर ओळखीचे असतात, दोन-तीन बैठकांत काम संपतं. नोकरीतून सुट्टी मिळत नसेल आणि एकाच दाढेचा प्रश्न असेल, तर खाजगीत जाण्यात चूक नाही. फक्त रूट कॅनल, कॅप, एक्स-रे असा सगळा खर्च आधी कागदावर लिहून घ्या. मला एकदा फक्त रूट कॅनलचा आकडा सांगितला गेला, कॅपचा विषय नंतर निघाला. मागच्या दाढेला कॅप नसेल तर ती चावताना तुटू शकते, म्हणून तो खर्च टाळता येत नाही.

चेहऱ्यावर सूज, सोबत ताप, गिळायला त्रास किंवा सूज गळ्याकडे उतरतेय, असं असेल तर तुलना करत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी.

योजनांचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कार्डावर रूट कॅनल होईल अशी आशा धरून लोक येतात आणि निराश होतात. ती योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या खर्चात ती खरा आधार देते. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल, तर ईएसआयसीच्या रुग्णालयात दातांचीही चौकशी करा. अनेक कामगार वर्षानुवर्षं पैसे भरतात आणि हे कधी विचारतच नाहीत. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या तपासणीत दातही पाहतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेत कवळीही मिळू शकते. ही योजना शिबिरांतून चालते, त्यामुळे शिबिर कधी आहे ते समाजकल्याण कार्यालयात विचारावं लागतं.

तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी यांची सवय असलेल्यांसाठी मात्र माझं उत्तर एकच आहे. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर दंत महाविद्यालयाचा तपासणी विभाग गाठा. दुखत नसलं तरी जा, कारण सुरुवातीला ते बहुधा दुखतच नाही. तिथे रोज असे रुग्ण पाहणारे डॉक्टर असतात आणि तुकडा काढून तपासायची सोय असते.

पहिल्या दिवशी जाताना आधार कार्ड, रेशनकार्ड, जुने एक्स-रे आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी, साखर, बीपी हे न विचारताही सांगा, आणि ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका. दात काढायचा असला तरी उपाशी जायचं नसतं. सकाळी पोटभर नाश्ता करून, ओपीडी उघडायच्या आधी रांगेत उभे राहा.